संमतीपत्रावरची सही

आळेफाट्यावरून नगरच्या दिशेने निघालं की बेल्हे मागे पडतं, आणे घाट चढून रस्ता पठारावर येतो आणि जुन्नर तालुका संपून पारनेर लागतो. टाकळी ढोकेश्वर तिथून जवळच. २०२१च्या नाताळात या गावातल्या जवाहर नवोदय विद्यालयातली १९ मुलं करोनाबाधित निघाली आणि पुढच्या काही दिवसांत हा आकडा पन्नाशीच्या पुढे गेला. मुलं वसतिगृहात राहणारी, एका भोजनगृहात जेवणारी. ओमायक्रॉनचं नाव नुकतंच लोकांच्या तोंडी बसलं होतं. गावांमधल्या शाळा उघडून जेमतेम अडीच-तीन महिने झाले होते. धाकट्यांचे, पहिली ते चौथीचे वर्ग तर डिसेंबरातच भरायला लागले होते.

त्या विद्यालयात जुन्नरची मुलं नव्हती. पुणे जिल्ह्याचं नवोदय शिरूर तालुक्यात आहे. तरीही बेल्हे, राजुरी, आळे या पट्ट्यातल्या घराघरांत त्या आठवड्यात एकच प्रश्न होता: उद्या पोरांना शाळेत धाडायचं का?

संपादकांनी या अंकासाठी ‘पालक’ हा विषय दिला, तेव्हा मला हा प्रश्न आठवला. करोनाच्या काळात मुलं काय शिकली, काय विसरली, यावर भरपूर लिहून झालं आहे. शाळेत रुग्ण निघाला त्या दिवशी आईबापांनी काय केलं, याची विचारपूस मात्र फारशी कुणी केली नाही. म्हणून नारायणगाव, मंचर, घोडेगाव आणि घाटाकडच्या काही वाड्यांमध्ये जाऊन लोकांशी बोलले. इथे कुणाचंही नाव देत नाही. यातल्या काही गोष्टी लोकांनी तेव्हा शेजाऱ्यालाही सांगितल्या नव्हत्या.

शाळेची भीती

जुन्नर-आंबेगावचं मुंबईशी जुनं नातं आहे. डबेवाले, माथाडी, वाशीच्या मार्केटातले लोक. बऱ्याच घरांतलं एखादं माणूस तिकडे असतंच. २०२०च्या मे महिन्यात ही माणसं टाळेबंदीतून वाट काढत गावी आली. त्यांना चौदा दिवस ठेवायचं कुठे? बहुतेक गावांपाशी एकच रिकामी पक्की इमारत होती, जिल्हा परिषदेची शाळा. बाक व्हरांड्यात निघाले, वर्गात सतरंज्या पडल्या. घरचं माणूस जेवणाचा डबा कुंपणाशी ठेवून मागे सरायचं, मग आतला येऊन तो उचलायचा. गावातली पोरं हे लांबून बघत होती. शाळेकडे फिरकू नको, तिथे करोना आहे, असं त्यांना आईबापांनीच बजावलं होतं.

पुढे त्याच वर्गात मुलांना बसवायची वेळ आली. खोल्या धुऊन झाल्या होत्या, हायपोक्लोराइट फवारून झालं होतं. नारायणगावच्या शिवारातली एक आई सांगत होती की तरीही तिने पोराच्या दप्तरात घरचं बसकर दिलं आणि संध्याकाळी ते घरात येऊ न देता अंगणातल्या दोरीवर टाकलं. असं किती दिवस केलं, विचारलं तर म्हणाली, त्यालाच लाज वाटायला लागली तोपर्यंत.

आंबेगावच्या पश्चिमेला हे मला जास्त लागलं. तिथे शाळेच्या इमारतीला लोक आसरा मानतात. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला, १५१ माणसं गेली, गाव गाडलं गेलं आणि शाळेची इमारत मात्र वाचली. त्या बाजूच्या माणसांना शाळेच्या खोलीची धास्ती वाटावी, इतकी करोनाच्या वर्षाने माणसं हलवून टाकली होती.

कागदावर काय होतं

२३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडायला सरकारने परवानगी दिली, २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवी. फेब्रुवारीअखेरीस दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप. याच सुमारास वाशीम जिल्ह्यातल्या देगावच्या निवासी शाळेत एकदम २२९ विद्यार्थी बाधित सापडल्याची बातमी आली. मंचरच्या एका पालकाला तो आकडा अजून पाठ आहे. एका शाळेत २२९, हे ऐकल्यावर मी पुढचं वर्षभर कुणाचं ऐकणार नव्हतो, असं ते म्हणाले. आणि त्यांनी ऐकलंही नाही. ऑक्टोबरात शाळा पुन्हा उघडल्या तेव्हाही मुलगा घरीच राहिला.

शाळेत पाठवणं सक्तीचं नव्हतं. पालकाने लेखी संमती द्यायची, मग मूल शाळेत. एका बाकावर एक मूल, वर्गात पंधरा-वीस, एक दिवसाआड पाळी, दारात तापमापक यंत्र. शिक्षकांची चाचणी झालेली हवी. हे सगळं ठीकच होतं आणि बऱ्याच शाळांनी ते मनापासून केलंही. माझं म्हणणं त्या संमतीच्या कागदाबद्दल आहे. ‘मी माझ्या पाल्यास स्वेच्छेने शाळेत पाठवत आहे’ अशा अर्थाचा तो मजकूर. काही शाळांनी त्याखाली आणखी एक ओळ घातली होती, की संसर्ग झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.

जिल्ह्याच्या टास्क फोर्सपाशी डॉक्टर होते, तालुक्यापाशी रोजचे आकडे होते, आणि निर्णय मात्र टोमॅटोच्या वावरात उभ्या असलेल्या बाईने घ्यायचा होता. तिला कुणीही नीट सांगितलेलं नव्हतं की लहान मुलांना हा आजार बहुधा सौम्य होतो, धोका घरातल्या म्हाताऱ्यांना जास्त आहे, खिडक्या उघड्या असल्या की खूप फरक पडतो. ही तीन वाक्यं त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर छापता आली असती. त्याऐवजी तिची सही घेतली गेली. घोडेगावातला एक बाप म्हणाला, पोराला काही झालं असतं तर घरात मला सगळे हेच म्हणाले असते की सही तूच केली होतीस. म्हणून त्याने कागद पुढे केला तो पोराच्या आईकडे. तिने सही केली. हे सांगताना तो खाली बघत होता.

जुलै २०२१चा नियम आणखी वेगळा होता. गावात महिनाभर एकही रुग्ण नसेल तर आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करायचे, आणि ते ठरवायचं सरपंचांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने. हेतू चांगला होता. पण एका घरात ताप निघाला की सगळ्या गावाची शाळा बंद, असा त्याचा दुसरा अर्थ गावाने बरोबर ओळखला. मग ताप सांगायचा कशाला? मेडिकलमधून गोळी आणायची आणि गप बसायचं. चाचणीला गेलं तर आपल्या नावाने शाळा बंद पडणार आणि चार पोरांच्या आया पाणवठ्यावर तोंड फिरवणार. आशाताई दारात आली की खोकणाऱ्याला मागच्या दाराने शेतात पिटाळलं जाई. एका आशाताईंनीच हे मला सांगितलं. त्यांची स्वतःची मुलगी तेव्हा नववीत होती, त्यामुळे त्यांना त्या आयांचा राग येत नसे.

मुलांनी एकमेकांपासून सहा फूट अंतर ठेवून चालावं, हेही शाळांनी सांगितलं होतं. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात हे कुणी मानलं नाही, आणि बरोबरच केलं. इथे बिबट्या आहे. माणिकडोहला बिबट निवारण केंद्र उभं राहावं, इतका आहे. उसाच्या बांधावरून जाताना पोरांनी घोळक्याने, मोठ्याने बोलत जायचं, हे इथल्या मुलांना चालायला लागल्यापासून शिकवलेलं असतं. आयांनी मास्क बांधले आणि पोरांना हातात हात धरायला लावून वाटेला लावलं.

फोन कुणाचा आला

शाळेत रुग्ण निघाल्याची बातमी पालकांपर्यंत पोचते कशी, यावर पुढचं सगळं अवलंबून होतं, हे मला फिरताना हळूहळू कळत गेलं.

एक तऱ्हा अशी. दुपारी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक ओळ येते: काही कारणास्तव शाळा उद्यापासून सात दिवस बंद राहील. कारण सांगितलेलं नसतं. दहा मिनिटांत गावातल्या चार गटांवर चार नावं फिरायला लागतात. त्यातली तीन चुकीची असतात. ज्या घराचं नाव खरं असतं, त्या घरी दूध घालायला येणारा माणूस दुसऱ्या दिवसापासून येत नाही. एका बापाने सांगितलं की त्याच्या पोरीचा अहवाल नकारात्मक आला होता, तरी दोन आठवडे तिच्याशी कुणी खेळायला आलं नाही, कारण गटावर तिचं नाव आधी आलं होतं आणि अहवाल नंतर. अहवाल त्याने गटावर टाकला. तो कुणी उघडून बघितला की नाही, त्याला माहीत नाही.

दुसरी तऱ्हा मंचरपासून आत असलेल्या एका लहान शाळेची. सातवीतला एक मुलगा बाधित निघाला. मुख्याध्यापिकाबाई आधी त्या मुलाच्या घरी गेल्या, ओट्यावर उभं राहून आईशी बोलल्या आणि विचारलं, तुमच्या मुलाचं नाव मी वर्गातल्या पालकांना सांगू का, की नको? आई म्हणाली, सांगा, नाहीतर गाव दुसऱ्याच कुणाचं घेईल. मग बाईंनी त्या वर्गातल्या प्रत्येक घरी स्वतः फोन लावला. फोनवर त्या ठरवून तेवढंच बोलत. तुमचं मूल त्याच्या शेजारी बसत होतं किंवा नव्हतं. शेजारी बसत असेल तर चाचणी अमुक दिवशी, अमुक ठिकाणी. ताप, खोकला, खाणं कमी झालं तर कोणत्याही वेळी मला फोन करा. रात्री साडेदहाला शेवटचा फोन झाला, तेव्हा त्यांचा घसा बसला होता. तेवढ्यावरून गावात बाईंनाच करोना झाल्याची वदंता उठली. त्याचंही उत्तर त्यांनी फोनवरच दिलं.

त्या शाळेत पुन्हा वर्ग भरला तेव्हा सगळीच मुलं आली असं नाही. पण जी आली नाहीत, ती का आली नाहीत, हे बाईंना प्रत्येकाच्या बाबतीत ठाऊक होतं. एकाच्या घरी डायलिसिसवरची आजी होती. दुसरीच्या घरी लग्न होतं. मी जितक्या पालकांशी बोलले, त्यांच्यापैकी कुणालाही बंदिस्त, निर्जंतुक, शंभर टक्के सुरक्षित शाळा नको होती. वर्गात काय झालंय ते सरळ सांगणारं एक माणूस त्यांना हवं होतं.

आजीजवळ ठेवायचं कसं

मुलाचा अहवाल आला की पुढचा प्रश्न जागेचा. गावाकडे घर मोठं असतं असं शहरात वाटतं. घर मोठं असलं तरी वेगळी खोली आणि वेगळा संडास नसतो. दुसऱ्या लाटेत ओझर आणि लेण्याद्रीच्या देवस्थानांच्या भक्तनिवासात आणि अवसरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात उपचार केंद्रं चालली, पण तिथे दहा वर्षांचं पोर एकटं कोण ठेवणार? मग लोकांनी आपापले मार्ग काढले. कांद्याची रिकामी बराखी झाडून, ताडपत्री लावून तिथे बाज टाकली. कुणी गोठ्याशेजारच्या खोलीत आईसकट मुलाला ठेवलं. जानेवारीच्या थंडीत हे सोपं नव्हतं. एका घरात चुलते-चुलत्यांची मिळून सात मुलं, त्यातला एक बाधित निघाला. सातही जणांना एकत्रच वस्तीवरच्या घरात ठेवलं, कारण तोपर्यंत ती एकाच ताटात जेवून झाली होती. पुढे त्यातल्या तिघांना ताप आला, दोन दिवसांत उतरला. वैद्यकीयदृष्ट्या ते चूक होतं की बरोबर, ते मला सांगता येणार नाही. त्या घरातल्या थोरल्या जाऊबाईंनी सात दिवस सगळ्यांचं रांधलं आणि स्वतः मास्क उतरवला नाही, एवढं खरं.

खरी कोंडी होती ती रोजंदारीवरच्या बायांची. डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या लागणी जोरात असतात. टोळीने काम घेतलेलं असतं. एक बाई घरी राहिली तर टोळीचं गणित बिघडतं आणि तिची त्या हंगामातली जागा जाते. शाळा बंद झाली की मूल घरी, आणि घरी असते आजी. म्हणजे ज्या माणसाला जपायला हवं, त्याच्याच हवाली मूल. अनेक आयांनी हे मला जवळपास एकाच शब्दांत सांगितलं: सासूबाईंपाशी ठेवावं तर त्यांचं भ्या, वावरात न्यावं तर पोराचं भ्या. काहींच्या सासूबाईंनी तेव्हा लशीचा एकही डोस घेतलेला नव्हता. लशीने माणूस मरतं, ही अफवा या भागातही फिरून गेली होती.

पोर शाळेत बाधित झालं आणि आजी गेली, असंही घडलं आहे. त्या घरी मी गेले होते. ते लोक शाळेला दोष देत नाहीत. मुलाला मात्र अजून वाटतं की आपल्यामुळे झालं. तो आता बारावीत आहे. त्याच्याशी त्याबद्दल कुणी बोलत नाही आणि बोलावं कसं, हे त्याच्या आईला कळत नाही. अशा मुलांसाठी शाळांमध्ये बोलायला माणूस हवा होता. अजूनही हवा आहे.

घाटाकडची पोरं

घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी मुलांच्या शासकीय आश्रमशाळा त्याच्या अखत्यारीत येतात. आसाणे, तेरुंगण, गोहे, सोनावळे अशा गावांत त्या आहेत. मूल तिथेच राहतं, तिथेच जेवतं. घरी भातलावणी, हिरड्याचा हंगाम आणि मग घाट उतरून नारायणगाव-मंचरकडे मजुरी. मूल आश्रमशाळेत सुखरूप आहे, या भरवशावर हे वेळापत्रक चालतं.

करोनाने तो भरवसा काढून घेतला. शाळा बंद होत्या तेव्हा आदिवासी विकास विभागाने ‘अनलॉक लर्निंग’ नावाने शिक्षकांना गावोगाव पाठवायचा प्रयत्न केला, पुस्तकं घरपोच दिली. पण आहुपे, हातवीजसारख्या गावांमध्ये मोबाइलला रेंज मिळवायला टेकाड चढावं लागे. वरच्या वर्गातली बरीच मुलं मग आईबापांबरोबर कामाला गेली.

शाळा परत उघडल्यावर वसतिगृहात ताप निघाला की पालकांना निरोप जायचा, मूल घेऊन जा. तेही केव्हा? २०२१च्या ऑक्टोबरअखेरीपासून एसटीचा संप चालू होता, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. घाटाकडे एसटी हेच वाहन. एक बाप डोंगरातून चालत उतरला, डिंभ्याच्या रस्त्याला एका पिकअपमध्ये जागा मिळाली, संध्याकाळी शाळेत पोचला. मुलीला तोवर इतर मुलींपासून वेगळ्या खोलीत बसवलं होतं. तिला ताप नव्हता, ती फक्त संपर्कातली होती. परत जायला गाडी नाही, आणि जीपवाले मास्क बांधलेल्या पोरीला घेईनात. शेवटी शाळेतल्याच एका शिक्षकाने आपल्या मोटारसायकलवर दोघांना अर्ध्या वाटेपर्यंत सोडलं. पुढे ती दोघं चालत गेली. घरी पोचायला मध्यरात्र झाली, असं तिने मला सांगितलं. चालताना बाप सारखा विचारत होता, दम लागतोय का? तो तिला लागत नव्हता, त्यालाच लागत होता.

त्या बापाला मी विचारलं, तुम्ही संमतीपत्रावर सही केली होती का? तो म्हणाला, अंगठा दिला होता. कागदावर काय लिहिलं होतं? वसतिगृहात घेण्यासाठीचा कागद असंल, असं त्याला वाटलं होतं.

मूल घरी पाठवलं की वसतिगृह मोकळं होतं, अहवालात शून्य लिहिता येतं. पण ते मूल जातं त्या घरात एकच खोली असते आणि आरोग्य केंद्र दोन-दोन तासांवर. ज्या शाळेत खोल्या आहेत, स्वयंपाकी आहे, अधीक्षक आहे, तिथेच संपर्कातल्या मुलांना आठ दिवस सांभाळणं जास्त शहाणपणाचं होतं. काही अधीक्षकांनी वरच्या आदेशाची वाट न बघता तेच केलं. त्यांचं कौतुक कुठल्या परिपत्रकात आलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून इथे नोंदवते.

लस आणि दहावी

३ जानेवारी २०२२ पासून पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना कोव्हॅक्सिन सुरू झाली. पाच दिवसांनी राज्य सरकारने शाळा १५ फेब्रुवारीपर्यंत बंद ठेवायचं जाहीर केलं. एका हाताने शाळेत बोलावून लस द्यायची आणि दुसऱ्या हाताने वर्ग बंद करायचे, हे पालकांना समजेना. पण या वेळी आवाज उलट्या बाजूने उठला. गावांतले पालकच शाळा चालू ठेवा म्हणू लागले. ज्या मंचरच्या गृहस्थांना २२९ हा आकडा पाठ होता, तेही त्यांत होते. मुलगा दीड वर्ष मोबाइलवर बसला आणि त्याचं लिहिणं गेलं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. राज्यात २४ जानेवारीपासून आणि पुणे जिल्ह्यात १ फेब्रुवारीपासून शाळा पुन्हा भरल्या.

त्या वर्षीची दहावी १५ मार्चला सुरू झाली. आधीच्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती आणि निकाल ९९.९५ टक्के लागला होता. या वेळी अभ्यासक्रम पाऊण केला होता, मोठ्या पेपरला अर्धा तास जास्त आणि केंद्र आपापल्याच शाळेत. आश्रमशाळेतून चालत घरी गेलेली ती मुलगीही परीक्षेला बसली. पास झाली. तिच्या वर्गातल्या तीन मुली बसल्या नाहीत. दोघींची लग्नं झाली होती, तिसरी मंचरच्या बाजूला कामाला होती.

२०२३च्या जुलैत शेजारच्या खेड तालुक्यात, आळंदीला शाळकरी मुलांमध्ये डोळे येण्याची साथ पसरली आणि बघता बघता पुणे जिल्हाभर गेली. साथ साधीच, पण या वेळी मंचरच्या आतल्या त्या लहान शाळेत सकाळी शाळा भरायच्या आत पालकांचेच फोन येऊ लागले. पोराचे डोळे लाल आहेत, आज ठेवतो, तो अमुकच्या शेजारी बसतो, त्याच्या घरी सांगा. मुख्याध्यापिकाबाईंनी तेव्हापासून हजेरीपटाला एक वही जोडली आहे. मुलाचं नाव, बाकावरचा शेजारी, घरात म्हातारं किंवा आजारी माणूस कोण, आणि दोन फोन नंबर. एक आईचा, एक शेजारणीचा. दर जूनमध्ये त्या ती नव्याने भरून घेतात. पालकांची सही त्या वहीत कुठेच नाही.